करंगळीएवढी धार

अग्नी ज्याच्या ताब्यात, घर त्याचं. गुहेपासून आजतागायतचा मानवजातीचा इतिहास एवढ्या एका वाक्यात सांगता येतो, आणि तो मी सांगत होतो. मोठ्याने, तळघरात, कानटोपी आणि दोन स्वेटर घालून, एका लोखंडी पेटाऱ्यासमोर उभं राहून. पेटाऱ्याने काही उत्तर दिलं नाही, म्हणून मी त्याला एक लाथ मारली. पायात नुसते मोजे होते. इतिहासाच्या या टप्प्यावर मानवजातीचा अंगठा सुजला.

तो पेटारा म्हणजे आमचा घर तापवायचा बॉयलर. आमचा म्हणजे शंतनूचा. शंतनू आमचा मुलगा, मॅसॅच्युसेट्समधल्या श्रूजबरी गावात त्याचं घर आहे. घरात तो, त्याची बायको राधिका आणि तेरा वर्षांची अनिका. खालच्या मजल्यावरच्या खोलीत मी आणि माझी बायको मीनाक्षी. चार वर्षं झाली. पुण्यात मी तीस वर्षं एका साप्ताहिकात विनोदी सदर लिहीत असे आणि दर आठवड्याला कुणाची ना कुणाची खिल्ली उडवत असे. इथे खिल्ली उडवण्यासारखा माणूस दिवसभर घरात एकच असतो, आणि तो फार सोपा आहे.

माझ्याकडे घरातली तीन खाती होती. टपाल आणणं, गुरुवारी रिसायकलिंगचा डबा रस्त्याच्या कडेला नेऊन ठेवणं, आणि शंतनू-राधिकाचा वाद चालू असेल तर "दोघांचंही बरोबर आहे" असं म्हणणं. तिसरं खातं अलीकडे माझ्याकडून काढून घेण्यात आलं होतं.

तर नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात अठ्ठावीस वर्षांचा बॉयलर दिवसातून चारदा रुसायला लागला. शंतनू लॅपटॉप घेऊन कॉन्ट्रॅक्टर बोलावण्याचा फॉर्म भरत बसला. मी चहा घेऊन मागे उभा होतो. फॉर्ममध्ये लिहिलं होतं : घरातले रहिवासी, तीन. अधूनमधून येणारे पाहुणे, दोन.

"पाहुणे कोण रे?" मी विचारलं.

"कुठे?"

"हे काय. दोन."

"ते ऑटोफिल झालंय बाबा. पहिल्यांदा तुम्ही सहा महिन्यांच्या व्हिसावर आला होतात ना, तेव्हाचं आहे. चेंज करतो."

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. मीटिंग सुरू झाली. एका हाताने त्याने फॉर्म पाठवला, आहे तसा.

चार वर्षं मुक्काम ठोकणाऱ्या पाहुण्याला मराठीत काय म्हणतात ते मला ठाऊक आहे. तो शब्द मी सदरात अनेकदा वापरलेला आहे.

मीटिंग संपल्यावर शंतनू म्हणाला, "बाबा, हा आठवडा माझा रिलीजचा आहे. राधिका क्लायंटकडे. कॉन्ट्रॅक्टर दुपारीच येतात. तुम्ही बघाल का? तुम्ही ठरवाल ते फायनल."

तुम्ही ठरवाल ते फायनल! हे वाक्य मी निवृत्तीनंतर ऐकलं नव्हतं. खरं तर निवृत्तीच्या आधीही ऐकलं नव्हतं. तिकडे संपादक होता आणि घरी मीनाक्षी. मी चहाचा कप जपून खाली ठेवला आणि ठरवलं, हा बॉयलर असा बसवायचा की पुढच्या फॉर्मवर आमची गणती पाहुण्यांत होता कामा नये.

सुरुवात अभ्यासाने केली. 'श्रूजबरी ज्येष्ठ मंडळ' या व्हॉट्सअॅप ग्रुपवर विचारलं, "बॉयलर बदलायचा आहे. अनुभव कळवावेत." दोन तासांत सेहेचाळीस उत्तरं आली. त्यांतली एकोणीस सुप्रभात होती. रत्नाताईंनी गुडघेदुखीवर मेथीचा उपाय पाठवला, तो चांगला होता. मॉरिसव्हिलहून माझ्या भाच्याचा, प्रसन्नचा फोन आला. "श्रीरंगमामा, बॉयलर कसले घेताय? हीट पंप घ्या. सिंपल." हीट पंप म्हणजे बाहेरच्या हवेतली ऊब ओढून घर तापवणारं यंत्र, आणि तो नॉर्थ कॅरोलायनात राहतो. तिथे थंडी पडली की लोक शर्टाचं वरचं बटण लावतात.

शेवटी मला जे कळलं ते असं. जुन्या पद्धतीत घर तापवायला बॉयलर आणि अंघोळीच्या पाण्याला एक ढब्बू टाकी, अशी दोन बिऱ्हाडं असतात. नव्या कॉम्बी बॉयलरमध्ये दोन्ही कामं एकच भिंतीवरचं खोकं करतं. टाकी नाही, साठा नाही. तुम्ही नळ उघडलात की ते त्या क्षणी पेटतं आणि पाणी तापवून देतं. मला हे तत्त्वतः पटलं. आमच्या लहानपणी तांब्याचा बंब होता, तो नारळाच्या शेंड्या खायचा आणि वडिलांच्या आरोळीवर चालायचा. हे त्याचंच शिकलेलं नातवंड.

तीन कॉन्ट्रॅक्टर येऊन गेले. पहिला भरभर बोलला. दुसऱ्याने टॅबलेटवर रंगीत आलेख दाखवला. तिसरा डेनिस, साठीचा, दाढीवाला. त्याने दारातच बूट काढले. कुणी न सांगता. मी तिन्ही प्रस्तावांचा तौलनिक अभ्यास केला, वहीत रकाने आखले, कार्यक्षमता, हमी, आवाज वगैरे लिहिलं, आणि डेनिसला निवडलं, कारण त्याने बूट काढले होते. शंतनूला मी कारण 'एकूण तांत्रिक आकलन' असं सांगितलं.

डेनिसने माझं नाव विचारलं. श्रीरंग म्हटल्यावर त्याने दोनदा प्रयत्न केला आणि 'श्री'वर थांबला. म्हणजे आदर तेवढा शिल्लक राहिला, माणूस गेला.

आता एक गोष्ट सांगायला हवी. मी ती डेनिसला सांगितली नाही, आणि पुढचं सगळं त्यातूनच झालं. मी आणि मीनाक्षी बादलीने अंघोळ करतो. टबात प्लास्टिकचं स्टूल, समोर हार्डवेअरच्या दुकानातली नारिंगी बादली आणि पाणी ओतायचा मग. शॉवर मी करून पाहिला आहे. अंघोळ झाल्यासारखं वाटत नाही, कुणीतरी वरून रागावतंय असं वाटतं. एकदा अनिकाच्या मैत्रिणीने ती बादली पाहिली आणि काळजीने विचारलं, "तुमच्याकडे छत गळतं का?" तेव्हापासून बाहेरचं कुणी येणार असलं की मी आधी बादली लपवतो. इथे मुरलेला माणूस बादली ठेवत नाही, असा माझा समज आहे. बादली म्हणजे परवाच विमानातून उतरल्याची पावती.

म्हणून कॉन्ट्रॅक्टर येणार त्या दिवसांतही मी बादली, मग आणि स्टूल उचलून कुणी जाणार नाही अशा जागी नेऊन ठेवत होतो. तळघरात. बॉयलरच्या मागे.

डेनिसने पहिल्या भेटीत विचारलं होतं, "गरम पाणी कसं वापरता? किती जण, किती वेळ?"

"शॉवर," मी म्हणालो. "रोज. दहा मिनिटं. मी आणि माझी बायको दोघंही. आवडतो आम्हाला."

त्याने ते लिहून घेतलं.

पुढच्या मंगळवारी तो बॉयलर बसवायला आला. जुना बॉयलर आधी रिकामा करायचा होता. त्याने इकडेतिकडे पाहिलं आणि मागे हात घालून नारिंगी बादली बाहेर काढली.

"श्री, ही वापरू का?"

"अवश्य," मी म्हणालो. "त्यासाठीच ठेवलीय."

अठ्ठावीस वर्षांचं काळं, गंजकं पाणी आमच्या बादलीत धो धो पडायला लागलं. मी यजमानाच्या चेहऱ्याने ते बघत उभा राहिलो. वरून मीनाक्षीची हाक आली, "अहो, माझी बादली कुठाय?" मी म्हणालो, "बघतो." बघतच होतो. त्या दुपारी मी ती बादली चिंच, मीठ आणि सोडा लावून तीनदा घासली आणि मीनाक्षीला काहीही बोललो नाही. या लग्नात प्रामाणिकपणाला महत्त्व आहे, पण अंघोळीच्या आधी नाही.

मग भिंतीवरून घराची ऊब सांभाळणाऱ्या थर्मोस्टॅटचा प्रश्न आला. डेनिसने दोन दाखवले. एक साधा, वर-खाली करायची दोन बटणं. दुसरा हुशार. तो म्हणे घरातल्या माणसांच्या सवयी शिकतो, कोण कधी उठतं, कुठे बसतं ते लक्षात ठेवतो. मी लगेच हुशार घेतला. या घरात माझ्याविषयी कुणी काही शिकायला तयार असेल, तर मी त्याला नाही म्हणणार नव्हतो.

संध्याकाळी सगळे घरी आले. घर उबदार होतं. राधिका वरून अंघोळ करून आली आणि म्हणाली, "बाबा, काय मस्त पाणी आहे! आणि संपतच नाही." शंतनू म्हणाला, "गुड चॉइस बाबा. सुपर्ब." अनिका अर्धा तास शॉवरखाली होती, तिने खाली येऊन मला हाय-फाइव्ह दिला. जेवताना मी आमटी दोनदा घेतली आणि ज्वलनाच्या तत्त्वावर थोडं बोललो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अंघोळीला बसलो. नेहमीसारखा गरम नळ करंगळीएवढा सोडला. आमच्या पिढीला नळ पूर्ण उघडता येत नाही. आमच्याकडे पाणी सकाळी तासभर यायचं, आणि नळ मोकळा सोडणारं पोर म्हणजे घराण्याला कलंक. बादली भरायला पंधरा-वीस मिनिटं लागतात, तोवर एखादं स्तोत्र होतं. बादली भरली. पहिला मग खांद्यावर घेतला.

नोव्हेंबरमध्ये मॅसॅच्युसेट्सच्या जमिनीखालून येणारं पाणी काय असतं, हे शब्दांत सांगता येणार नाही. माझ्या तोंडून जे निघालं तेही शब्दांत नव्हतं.

"काय झालं?" बाहेरून मीनाक्षी.

"काही नाही. स्तोत्र!"

मी वाट पाहिली. नळ आणखी बारीक केला, म्हटलं यंत्राला तापवायला वेळ मिळू दे. पाणी गारच. वर राधिकाचा शॉवर चालू झाला की मध्येच दोन मग कोमट यायचे, तिने बंद केला की पुन्हा हिमालय. मी कुडकुडत अंघोळ पुरी केली, बाहेर येऊन टॉवेलमधून म्हणालो, "वा! काय पाणी आहे!"

बोलणार कुणाला? 'तुम्ही ठरवाल ते फायनल' असं म्हटलेलं. वरच्या मजल्यावरचे तिघे खूश होते. तक्रार केली असती तर डेनिस आला असता, आणि त्याने विचारलं असतं, शॉवर कसा चालतोय? मग बादली बाहेर निघाली असती. त्यापेक्षा मी थंड पाण्याचे फायदे वाचून काढले. ग्रुपवर पुष्कळ सापडले.

थर्मोस्टॅटही शिकत होता. चार दिवसांत त्याने माझ्याविषयी सगळं शिकून घेतलं आणि निष्कर्ष काढला की मी नाही. मी दुपारी खुर्चीत पुस्तक घेऊन बसतो. पान उलटण्यापलीकडे फार हालचाल नसते, आणि काही पुस्तकांत तीही नसते. शनिवारी दुपारी बाकी सगळे खरेदीला गेले होते, तिथून शंतनू धावत आला. "बाबा, तुम्ही बाहेर गेला होतात का? फोनवर मेसेज आला. घरात कुणी नाही, हीट कमी केलीय म्हणून."

"मी इथेच होतो."

"नाही, पण तो म्हणतोय अवे."

आम्ही दोघांनी थर्मोस्टॅटकडे पाहिलं. पडद्यावर एक रिकामं घर काढलेलं होतं. यंत्रांवर माझा राग नाही, पण फॉर्मचं मत आणि भिंतीचं मत इतकं तंतोतंत जुळावं, हे मला लागलं.

सोमवारी, सहाव्या गार अंघोळीनंतर, मी पहाटे स्वयंपाकघरात गेलो. मीनाक्षी गॅसवरून मोदकपात्र उतरवत होती. त्यातून वाफा येत होत्या.

"मोदक? आज?"

"संकष्टी आहे."

"संकष्टी परवाच झाली."

तिने पात्र ओट्यावर ठेवलं. "पाणी आहे. तुमचं ते नवं यंत्र मला गारच पाणी देतंय. पहिल्या दिवसापासून. म्हटलं माझ्याशीच काही वाकडं असेल त्याचं."

"मग बोलली का नाहीस?"

"चार वर्षांत पहिल्यांदा जेवायला छाती काढून बसलात. म्हटलं, बसू दे चार दिवस."

मी पात्राच्या वाफेवर हात धरले.

"आणि तुम्ही का नाही बोललात?"

"मला तर छान गरम..."

"अहो, ओठ निळे पडलेत तुमचे."

नाश्त्याला तिने एका वाक्यात शंतनूला सांगितलं. शंतनूने घास तसाच हातात धरून विचारलं, "सहा दिवस? बाबा, सीरियसली? का?" मी म्हणालो, एकूण तांत्रिक आकलन करत होतो.

पुढच्या शनिवारी डेनिस आला, बूट काढले. त्या दिवशी सगळे घरात होते. डेनिसने वरचा शॉवर तपासला, उत्तम. खालचा शॉवर तपासला, तोही उत्तम. मग तो माझ्याकडे वळला. "श्री, काही राहिलं असेल तर सांग. तू नक्की काय करतोस?"

न्हाणीघरात सगळे जमले होते. शंतनू बघत होता, राधिका बघत होती. मी तळघरात गेलो आणि बादली, मग, स्टूल घेऊन वर आलो.

"करून दाखव," डेनिस म्हणाला.

तर मी वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी, पँट, स्वेटर आणि लोकरी मोजे घालून, पाच प्रेक्षकांसमोर कोरड्या टबात स्टुलावर बसलो, बादली नळाखाली सरकवली आणि नळ सोडला. करंगळीएवढा. अनिका हळूच म्हणाली, "आजोबा, धिस इज सो क्यूट." आयुष्यात माझा इतका अपमान कुठल्या टीकाकाराने केला नव्हता.

डेनिस गुडघ्यावर बसला. त्याने धारेखाली बोट धरलं, डोकं हलवलं.

"या यंत्राला पेटायला कमीत कमी एका ठरावीक जाडीची धार लागते," तो म्हणाला. "त्याहून बारीक असली की त्याला कळतच नाही."

"काय कळत नाही?"

"की तू इथे आहेस."

मग त्याने हात पुढे केला आणि नळ अर्धा फिरवला. एवढंच. खाली तळघरात काहीतरी घरघरलं, आणि अर्ध्या मिनिटात बादलीतून वाफा यायला लागल्या. सहा दिवस मी ज्याच्यासाठी वीरमरण पत्करत होतो, ते मनगटाच्या एका वळणावर होतं.

"मी तुला विचारलं होतं," डेनिस म्हणाला. त्याने कागद काढला. "इथे लिहिलंय. शॉवर. रोज. दहा मिनिटं. आवडतो."

"शरम वाटली," मी म्हणालो.

"बादलीची?" त्याने बादली उचलून निरखली. "थांब. ही तीच ना, ज्यात मी बॉयलरचं काळं पाणी काढलं?"

मीनाक्षीला इंग्रजी समजत नाही, अशी इथे पुष्कळांची समजूत आहे. ती तिने स्वतः पसरवली आहे. तिने माझ्याकडे पाहिलं. मी नळाकडे पाहिलं.

"आई, मी आत्ता जाऊन दोन नव्या आणतो," शंतनू घाईने म्हणाला.

डेनिसने थर्मोस्टॅटचा हुशारपणाही थोडा कमी करून दिला. "तरीही मध्येमध्ये त्याला हात कर," तो मला म्हणाला. तेव्हापासून मी दर पाऊण तासाने भिंतीला हात करतो. शेजारचे खिडकीतून बघतात. काहींनी उलट हात केला आहे.

जायच्या आधी डेनिसने हमीचा कागद पुढे सरकवला. "हे मला नीट करायला हवं. घरात माणसं किती?"

"पाच," शंतनू म्हणाला. फोनमधून मान वर न करता, बादल्यांची दुकानं शोधत.

"आणि पाहुणे?"

"पाहुणे कुणी नाहीत."

डेनिसने तीन खोडून पाच लिहिलं आणि खाली स्वतःच्या अक्षरात एक ओळ जोडली. ती मी त्याच्या खांद्यावरून वाचली : दोन बादल्या. कागद फ्रिजवर चुंबकाने लावला गेला. त्या संध्याकाळी मी तीन वेळा पाणी प्यायला फ्रिजकडे गेलो. मला तहान नव्हती.

दुसऱ्या दिवशी रविवार. मी नव्या कोऱ्या निळ्या बादलीसमोर स्टुलावर बसलो. डेनिसने दाखवला होता तेवढा नळ फिरवला. मग थोडा आणखी. मग, घराण्याची क्षमा मागून, पूर्ण. तळघरात माझा बॉयलर गरजला. त्याला कळलं होतं. बादली दोन मिनिटांत काठोकाठ भरली, आरसा वाफेने पांढरा झाला. मी पहिला मग डोक्यावर ओतला आणि डोळे मिटले. अग्नी ताब्यात होता. कागदावर आम्ही पाच होतो. गुहेपासून इथवर यायला मानवजातीला जेवढा वेळ लागला, त्याचं एकदाचं सार्थक झालं होतं.

दारावर टकटक झाली.

"अहो," बाहेरून मीनाक्षी म्हणाली, "तो नळ जरा बारीक करा ना. किती पाणी वाया जातंय."